रोबो सारखा रिसेट होतोय? प्रोग्रॅमला हात लावण्याआधी मीटर काढा

प्रश्न: नववीतल्या लेकीबरोबर घरीच दोन चाकांचा रोबो करतोय. आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलरचा (छोट्या संगणक-चिपचा) बोर्ड, चाकांना ३६० अंशांचे म्हणजे सतत गोल फिरणारे दोन एमजी९९६आर सर्वो (कंट्रोल सर्किट असलेल्या गिअरच्या मोटर), समोर छोट्या एसजी९० सर्वोवर बसवलेला अल्ट्रासॉनिक (प्रतिध्वनीने अंतर मोजणारा) सेन्सर, मागे कॅस्टर (मोकळं फिरणारं छोटं चाक) आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. यूएसबीवर सेन्सरची मान व्यवस्थित वळते. बॅटरी लावून चाकं सुरू केली की रोबो वीतभर जातो, बोर्डवरचा दिवा लुकलुकतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चाललाच तर डावीकडे ओढतो. थांबायची कमांड दिली तरी एक चाक हळूहळू फिरतच राहतं. प्रोग्रॅम कितीदा तरी बदलून पाहिला. बोर्ड बदलून वाय-फायवाला ईएसपी३२ घ्यावा का?

उत्तर: बोर्ड बदलू नका. प्रोग्रॅमही तूर्त आहे तसाच राहू द्या. तुमच्या तीन तक्रारींपैकी रिसेटची तक्रार विजेची आहे, न थांबणाऱ्या चाकाची एका आकड्याची, आणि डावीकडे ओढण्याची थोडी यांत्रिक, थोडी स्वाभाविक. सुरुवात मात्र विजेपासूनच करा. पुरवठा डळमळीत असताना बाकी जे काही मोजाल त्यावर विश्वास ठेवता येत नाही. आज नीट बसवलेला आकडा बॅटरी थोडी उतरली की उद्या चुकतो, आणि मग माणूस पुन्हा प्रोग्रॅममध्येच शोधत बसतो.

चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीत दीड व्होल्टचे सहा अगदी बारके सेल एकापुढे एक जोडलेले असतात. अल्कलाइन असेल तर क्षमता जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास, आणि ताज्या बॅटरीचाही अंतर्गत रोध एक-दोन ओहमच्या घरात. साध्या झिंक-कार्बनचा त्याहून जास्त. तुमच्या मल्टीमीटरच्या पोटात बहुधा हीच बॅटरी आहे आणि तिथे ती महिनोन्‌महिने टिकते, कारण मीटर काही मिलिअँपिअरच घेतो. सर्वोचं तसं नाही. एमजी९९६आर अडून बसला तर ६ व्होल्टला सुमारे अडीच अँपिअर खेचतो, एसजी९० पाऊण अँपिअरच्या आसपास. आणि थांबलेली मोटर सुरू होते त्या क्षणी ती अडलेलीच असते, म्हणून प्रत्येक सुरुवातीला क्षणभर हा मोठा करंट लागतोच. बॅटरीतून दोन अँपिअर मागितले की तिच्या अंतर्गत रोधावरच तीन-चार व्होल्ट पडतात. शेतातल्या घरात विहिरीवरची मोटर सुरू झाली की बल्ब मंदावतो, तसंच इथे होतं. फक्त मंदावणारा बल्ब म्हणजे तुमचा मायक्रोकंट्रोलर.

त्यात सर्वोच्या लाल वायरी तुम्ही उनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून घेतल्या असणार. त्या पिनमागे एक छोटा लिनिअर रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) आहे. ९ व्होल्टचे ५ करताना वरचे ४ व्होल्ट तो उष्णता करून टाकतो. अर्ध्या अँपिअरला दोन वॅट, आणि अंगावर हीटसिंक नाही. तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतो. दुसरीकडे उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचा पुरवठा २.७ व्होल्टच्या खाली गेला की ती स्वतःहून रिसेट होते. कारखान्यातून येतानाच तशी लावलेली असते. रिसेट झाली की प्रोग्रॅम पहिल्यापासून, चाकं पुन्हा सुरू, पुन्हा व्होल्टेज खाली, पुन्हा रिसेट. लुकलुकणारा दिवा हेच सांगतोय. यूएसबीवर मान वळत होती, कारण तिथे एकटा एसजी९० चालत होता आणि यूएसबीचे ५०० मिलिअँपिअर त्याला पुरत होते.

माझ्यावर विसंबू नका, मोजून बघा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला (जीएनडी पिनला), लाल प्रोब सर्वोच्या लाल वायरीला. रोबो पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा म्हणजे चाकं हवेत राहतील. चाकं सुरू करा आणि बोटाने एक चाक जेमतेम सेकंदभर धरा. आकडा ४.५ च्या खाली जाताना दिसला तर निदान पक्कं. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे खरी बुडी तुम्हाला दिसते त्याहून खोल असते. लेकीला आणखी एक खूण करायला सांगा: प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, १३ नंबरच्या पिनवरचा दिवा तीनदा उघडझाप करू दे. चालता चालता मध्येच ती उघडझाप दिसली तर रिसेट झाला, यात शंका नाही. मग प्रोग्रॅममधल्या अटी आणि लूप तपासत बसायचं कारणच उरत नाही.

आता उपाय. सेलचे दोन पर्याय आहेत. लेक एकटीने चार्जिंग करणार असेल तर मी डोळे मिटून एए आकाराचे सहा निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल सुचवेन. १.२ गुणिले ६ म्हणजे ७.२ व्होल्ट. चुकून शॉर्ट झालं तरी ते लिथियमइतके भडकत नाहीत. दुसरा पर्याय दोन १८६५० लिथियम सेल एकापुढे एक. भरलेले असताना ८.४ व्होल्ट, सर्वसाधारण ७.४. वजन कमी, दम जास्त, पण जबाबदारीही जास्त. त्यांच्यासोबत दोन सेलचं प्रोटेक्शन सर्किट हवंच आणि ८.४ व्होल्टचा योग्य चार्जर हवा. बाजारात सर्रास मिळणारं टीपी४०५६ मॉड्यूल एका सेलसाठी असतं. एकापुढे एक जोडलेल्या दोन सेलना ते लावू नका. सेलच्या टोकांना थेट सोल्डर करू नका, होल्डर वापरा. आणि ज्या १८६५० वर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं असेल तो हातातही घेऊ नका. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते, आणि अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या जवळ भरतं. किराणा दुकानाच्या काट्यावरही हे तपासता येतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराला सेल मोजून-तपासून द्यायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

बॅटरीच्या प्लसवरून आधी स्विच, मग ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून दोन फाटे. एक फाटा उनोच्या व्हीइन पिनला (बाहेरचा पुरवठा घेणारी पिन). त्या रेग्युलेटरला आता फक्त बोर्ड आणि सेन्सर पोसायचे आहेत, ते तो आरामात करतो. व्हीइनवर उलट जोडणीपासून संरक्षण नसतं, म्हणून प्लस-मायनस दोनदा बघून मगच जोडा. दुसरा फाटा बक कन्व्हर्टरला (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल), आणि त्याच्या आउटपुटवरून तिन्ही सर्वो. बक एक्सएल४०१५ चा घ्या, तो ५ अँपिअरचा म्हणून विकला जातो. एलएम२५९६ वर ३ लिहिलेलं असतं, पण हीटसिंकशिवाय दोनाच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. सर्वो जोडण्याआधी, मीटर लावून, बकवरचा स्क्रू फिरवत आउटपुट बरोबर ५ व्होल्टवर आणा. नवीन मॉड्यूल कुठल्या आकड्यावर लावलेलं येईल याचा नेम नसतो, आणि तपासल्याशिवाय जोडलं तर तिन्ही सर्वो एकदम जाऊ शकतात.

बकच्या आउटपुटवर, सर्वोंच्या शक्य तितक्या जवळ, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. सुरुवातीचा क्षणभराचा मोठा करंट तो स्वतःतून देतो. अंगावरचा पट्टा मायनसकडे. उलटा लागला तर फुटतो. सर्वोचा करंट ब्रेडबोर्डमधून फिरवू नका. ब्रेडबोर्डच्या आतल्या पत्र्याच्या चिमट्या आणि केसासारख्या जंपर वायरी सिग्नलसाठी आहेत. पॉवरसाठी जाड वायर, सोल्डर किंवा स्क्रू टर्मिनल.

या सगळ्यात हमखास राहून जाणारी एक वायर म्हणजे ग्राउंड. बॅटरीचा मायनस, बकचा मायनस, उनोचा जीएनडी आणि सर्वोंच्या तपकिरी वायरी हे सगळं एकमेकांना जोडलेलंच हवं. पल्स किती व्होल्टचा आहे हे सर्वो ग्राउंडच्या तुलनेत बघतो. ग्राउंड वेगळे राहिले तर त्याला कळायला काही मार्गच नसतो, आणि तो एका जागी थरथरत, कुरकुरत बसतो. वेगळा पुरवठा दिल्यावर सर्वो आधीपेक्षा वाईट वागायला लागले तर पहिल्यांदा ही वायर बघा.

एवढं झालं की रिसेट थांबायला हवेत. प्रोग्रॅममध्ये एकच भर घाला: चाकांचा वेग एकदम पूर्ण देऊ नका, दर २० मिलीसेकंदांना थोडा थोडा वाढवा. करंटही शांत राहतो आणि गिअरचे दातही.

आता न थांबणारं चाक. मला हा भाग मुलांना दाखवायला फार आवडतो, कारण इथे सर्वो आतून उघडा पडतो. साध्या सर्वोत एक डीसी मोटर, गिअरची माळ, छोटं कंट्रोल सर्किट आणि शाफ्टला जोडलेला एक पॉट (फिरवला की रोध बदलणारा पोटेन्शिओमीटर) असतो. शाफ्ट कुठे आहे ते पॉट सांगतो. आर्डुइनोकडून दर २० मिलीसेकंदांना एक पल्स येतो. पल्स साधारण १००० मायक्रोसेकंदांचा म्हणजे एक टोक, २००० चा म्हणजे दुसरं टोक, १५०० म्हणजे मध्य. पल्स सांगतो ती जागा आणि पॉट सांगतो ती जागा यांत फरक असेल तोवर सर्किट मोटर फिरवत राहतं. ३६० अंशांच्या सर्वोत शाफ्टचा पॉटशी संबंधच तोडलेला असतो; पॉटच्या जागी दोन सारखे रेझिस्टर बसवतात किंवा पॉट मध्यावर कायमचा ठेवतात. सर्किटला वाटतं शाफ्ट सदैव मध्यावरच आहे. तुम्ही १७०० म्हटलं की फरक दिसतो, मोटर फिरते, पण फरक काही केल्या मिटत नाही, म्हणून चाक फिरतच राहतं. १५०० म्हटलं की फरक नाही, चाक थांबलं.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये थांबण्यासाठी राइट(९०) लिहिलेलं असणार. आर्डुइनोची सर्वो लायब्ररी मूळ सेटिंगला ० अंश म्हणजे ५४४ मायक्रोसेकंद आणि १८० अंश म्हणजे २४०० धरते. या दोहोंचा मध्य १४७२ येतो, १५०० नव्हे. अठ्ठावीस मायक्रोसेकंदांचा हा फरक साध्या सर्वोत डोळ्यांना कळतही नाही. ३६० च्या सर्वोत तेवढ्यावर चाक रेंगाळत फिरतं. म्हणून अंश सोडा आणि राइटमायक्रोसेकंड्स वापरा.

त्यातही प्रत्येक सर्वोचा स्वतःचा शून्यबिंदू असतो. १४४० पासून १५६० पर्यंत पाच-पाच मायक्रोसेकंदांनी वाढवत जाणारा छोटा प्रोग्रॅम लेकीला लिहायला सांगा, आकडा सिरिअल मॉनिटरवर छापत. चाक कुठल्या आकड्याला थांबतं आणि कुठल्या आकड्याला उलट फिरू लागतं ते वहीत लिहा. समजा १४८५ ला थांबलं आणि १५१० च्या पुढे हललं, तर मध्य घ्या: १४९७. डाव्या सर्वोचा वेगळा, उजव्याचा वेगळा. सर्वोच्या अंगावर चिकटपट्टी लावून त्यावर आकडा लिहून ठेवा. त्याच वेळी दिसेल की मध्यापासून शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांतच चाक पूर्ण वेगाला पोचतं. त्यापुढे आकडा कितीही वाढवला तरी फरक नाही. वेगाचं नियंत्रण जे काही आहे ते या अरुंद पट्ट्यात. रोबो बराच वेळ उभा राहणार असेल तर डिटॅच करा. पल्स बंद झाले की साधा अॅनालॉग सर्वो मोकळा होतो, कुरकुरही थांबते आणि बॅटरीही वाचते. आणि दोन सर्वो एकमेकांकडे पाठ करून बसवलेले असल्यामुळे पुढे जाताना एकाला मध्याच्या वरचा आणि दुसऱ्याला खालचा आकडा द्यावा लागतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

डावीकडे ओढण्याचं निदान करण्यासाठी दोन्ही सर्वोंची जागा बदला. त्यांचे मध्यबिंदूही सोबत बदला. रोबो आता उजवीकडे ओढू लागला तर दोष सर्वोंच्या वेगातल्या फरकाचा. तरीही डावीकडेच ओढला तर दोष सांगाड्यात: कॅस्टरमध्ये अडकलेले केस, एका बाजूला गेलेली बॅटरी, तिरकं बसलेलं चाक, किंवा सर्वोच्या शाफ्टवर बसणाऱ्या हॉर्नचा मधला स्क्रू न आवळल्यामुळे घसरणारा शाफ्ट.

दोष सर्वोंचा निघाला तर आकड्यांनी बरंच सुधारता येतं, पण पूर्ण नाही. हिशोब बघा. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर असेल तर एका फेरीत २०४ मिलिमीटर अंतर. दोन चाकांमधलं अंतर १४० धरू. डावं चाक २ मीटर गेलं आणि उजवं फक्त दोन टक्के जास्त, म्हणजे ४० मिलिमीटर पुढे गेलं. ४० भागिले १४० म्हणजे ०.२८६ रेडियन, सोळा अंशांहून जास्त! दोन टक्क्यांपर्यंत जुळवलेले दोन सर्वोसुद्धा दोन मीटरमध्ये रोबोला इतका वळवतात. म्हणजे नुसते आकडे घोळवून रोबो सरळ जाणार नाही. तो कुठे चाललाय हे त्याला बघता यायला हवं.

इथे माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या रोबोला जायरो (वळण मोजणारा सेन्सर) किंवा एन्कोडर (चाकाच्या फेऱ्या मोजणारा) लावण्याआधी रेषा दाखवा. खाली बघणारे दोन आयआर सेन्सर, पांढऱ्यावर काळी इन्सुलेशन टेप. डावा सेन्सर टेपवर आला की डावं चाक हळू, उजवा आला की उजवं. चूक ओळखून सुधारण्याचं तत्त्व लेकीला डोळ्यांदेखत दिसतं. चकचकीत फरशीवर हे सेन्सर फसतात, म्हणून जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ पसरा. खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा ओढा. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. हे जमल्यावर एमपीयू६०५० जायरो आणा. सुरू करताना रोबो दोन सेकंद स्थिर ठेवून त्याचा शून्य मोजून घ्या आणि तो प्रत्येक वाचनातून वजा करा. तरी मिनिटागणिक दिशा थोडी सरकत राहते, ते गृहीत धरा.

एमजी९९६आर बदलायची गरज नाही, पण पुढच्या रोबोला एवढे दणकट सर्वो लागत नाहीत. ७०० ग्रॅमचा रोबो १० अंशांचा चढ चढतो तेव्हा दोन्ही चाकांना मिळून साधारण ०.४ किलो-सेंटिमीटर टॉर्क लागतो. नऊ ग्रॅमचे छोटे ३६० अंशांचे सर्वो प्रत्येकी एकापेक्षा जास्त देतात. करंट कमी, म्हणजे वरची विजेची सगळी कसरतही हलकी.

अल्ट्रासॉनिक सेन्सरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो तुम्हाला लवकरच छळणार आहे. आवाजाला एक सेंटिमीटर जाऊन परत यायला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी आला नाही तर सेन्सर सहसा थोड्या वेळाने स्वतःच पल्स संपवतो. पण प्रतिध्वनी कळवणाऱ्या एको पिनची वायर सुटली की पल्सइन हे पल्सची लांबी मोजणारं फंक्शन पूर्ण एक सेकंद वाट बघत बसतं. ५ व्होल्टला तुमची चाकं सेकंदाला साधारण एक फेरी मारतात, म्हणजे त्या एका सेकंदात रोबो आंधळेपणाने वीसेक सेंटिमीटर पुढे जातो. त्याला २५००० मायक्रोसेकंदांची मर्यादा द्या, आणि शून्य उत्तर आलं तर रस्ता मोकळा न समजता थांबा. मान वळवल्यावर लगेच मोजू नका, दोनशे मिलीसेकंद जाऊ द्या. पडदे आणि सोफा आवाज पिऊन टाकतात, तिरकी भिंत तो भलतीकडे परतवते; अशा ठिकाणी रोबो धडकला तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका. आणि हो, उनोवर सर्वो लायब्ररी वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनवर अॅनालॉगराइट चालत नाही. तिथे दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला गेलात तर नाहक डोकं धराल.

ईएसपी३२ पुढे कधीतरी जरूर घ्या, फोनवरून रोबो चालवावासा वाटेल तेव्हा. आज घेतलात तर तो विजेच्या बाबतीत उनोपेक्षा नाजूक निघेल. वाय-फाय सुरू होताना तो स्वतःच करंटचे झटके घेतो, आणि पुरवठा जरा ढळला की ब्राउनआउटचा (व्होल्टेज कमी पडल्याचा) संदेश छापून रिसेट होतो. शिवाय तो ३.३ व्होल्टचा, तुमच्या सेन्सरच्या एको पिनवरचे ५ व्होल्ट त्याला थेट देता येत नाहीत, मध्ये व्होल्टेज विभागणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लागतो.

विजेकडे एवढं लक्ष का, असं लेकीने विचारलं तर तिला ग्रे वॉल्टर यांच्या कासवांची गोष्ट सांगा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९४८-४९ च्या सुमारास त्यांनी एल्मर आणि एल्सी नावाचे तीन चाकांचे दोन रोबो बनवले. मायक्रोकंट्रोलर तेव्हा नव्हताच. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह, उजेड ओळखणारी एक फोटोसेल आणि धक्का कळणारा एक स्विच. बॅटरी भरलेली असताना कासव उजेडाकडे जाई, पण उजेड फार तीव्र झाला की मागे फिरे. बॅटरी उतरली की सर्किटची संवेदनक्षमता घटायची, मग तोच तीव्र उजेड त्याला परतवत नसे, आणि दिवा लावलेल्या आपल्या खुराड्यात शिरून ते चार्ज होई. उतरती बॅटरी हाही त्याच्या वागण्याचा एक भाग होता.

तुमच्या रोबोला हे दोन रेझिस्टरमध्ये जमतं. बॅटरीच्या प्लसपासून, स्विचच्या पुढून, ग्राउंडपर्यंत १०-१० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि मधला बिंदू ए० या व्होल्टेज वाचणाऱ्या पिनला द्या. ८.४ व्होल्टचे तिथे ४.२ होतात, उनोला सुरक्षित. उनो ५ व्होल्टला १०२३ असं वाचतो, म्हणून बॅटरीच्या ६.४ व्होल्टला वाचन ६५५ च्या आसपास येईल. त्याखाली फार जाऊ देऊ नका. सेलसाठीही आणि व्हीइनमागच्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट टिकवायला वर एखादा व्होल्ट हवा असतो म्हणूनही. चाकं सुरू होताना आकडा क्षणभर घसरतो, म्हणून सलग दहा वाचनांची सरासरी घ्या. सरासरी ६५५ च्या खाली गेली की दोन्ही चाकांचे सर्वो डिटॅच करा, सेन्सरची मान सरळ करा आणि १३ नंबरचा दिवा लावून ठेवा.